पहिली बाटली लावायच्या आधी रिपोर्ट येऊ दे

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत लेख आला होता, केमो कुणाला लागू पडणार ते आता कॉम्प्युटर सीटी स्कॅन बघून सांगणार असा. मी तो कापून ठेवला, दादाला व्हॉट्सअॅपवर फोटो पण पाठवला, आणि मग रात्रभर डोक्यात तेच फिरत राहिलं म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबेल, कापायचं असेल तर कापा, पण मधला तपासण्यांचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मी डॉक्टर नाही. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, अकाउंट्स बघतो, २२ वर्षं झाली. पण आमच्या घरात फुफ्फुसाचा कॅन्सर दोनदा आला, २०१९ ला दादाला आणि २०२१ ला मावशीला, आणि दोघांच्या फायली मीच सांभाळल्या, मुंबईच्या फेऱ्या मीच मारल्या, त्यामुळं ह्या माणसाला केमोचा फायदा होणार का नाही ह्या एका प्रश्नावर मी जेवढं वाचलंय तेवढं आयुष्यात दुसऱ्या कशावर वाचलेलं नाही.

दादा मोल्डर. ३० वर्षं मोल्डिंगला, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करायला होता. वाळू मुठीत दाबायचा, मूठ उघडायचा, तो गोळा मधे मोडून बघायचा आणि सांगायचा, पाणी जास्त झालंय, नाहीतर बेंटोनाइट, म्हणजे वाळू धरून ठेवणारी माती, कमी पडलंय. लॅबमधला पोरगा मशीनवर मॉइश्चर काढेपर्यंत दादा सांगून मोकळा. बिडी होती त्याला, ते लपवत नाही. पण वाळूची धूळ आणि धूरही ३० वर्षं होता. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवरची जी संस्था आहे, आयएआरसी, तिनं लोखंड-पोलादाच्या ओतकामाचं काम आणि सिलिकाची धूळ दोन्ही गोष्टी कॅन्सर होण्याच्या नक्की कारणांच्या पहिल्या गटात घातल्यात. एवढ्या फौंड्र्या असलेल्या आमच्या जिल्ह्यात हे किती कामगारांना कुणी सांगितलंय? असो, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

दादाचं नशीब एवढंच की गाठ वेळेत सापडली, दोन बी स्टेज, ऑपरेशन होण्यासारखी. मुंबईला ऑपरेशन झालं, डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग काढला, गाठ सगळी निघाली म्हणाले. आम्हाला वाटलं सुटलो, आणि मग डॉक्टर म्हणाले आता चार केमो घ्यायला लागतील. वहिनीनं विचारलं, "ह्यांना लागू पडंल न्हवं ओ डॉक्टर?" डॉक्टर खरं बोलले, त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. म्हणाले, बाई, ऑपरेशननंतर १०० जणांना केमो दिला तर पाच वर्षांनी, न दिलेल्या १०० पेक्षा साधारण पाच जण जास्त जिवंत असतात, आणि ते पाच कोण ते आज मला सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर वहिनी मला म्हणाली, भावजी, डॉक्टर चुकून पाच म्हणाले असतील, पंच्याण्णव म्हणायचं असंल त्यांना. मी पण तेच धरून चाललो होतो. परतीच्या महालक्ष्मीत बसून मोबाईलवर शोधलं तर ते बरोबरच होतं. २००८ साली पाच मोठ्या ट्रायल एकत्र करून ४,५८४ पेशंटचा हिशोब मांडला होता, त्यात पाच वर्षांनी फरक निघाला ५.४ टक्के. आणि त्यातही स्टेजप्रमाणं बदल, दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजला फायदा दिसतो, पण एक ए म्हणजे अगदी सुरुवातीच्या स्टेजला फायदा तर सोडाच, उलट तोटा होत असावा असं आकडे दाखवत होते.

अकाउंटवाला माणूस असल्यामुळं मी तो हिशोब चार वेळा उलटासुलटा केला. म्हणजे १०० तले काही जण नुसत्या ऑपरेशननंच बरे होणार होते, त्यांना केमोची गरजच नव्हती. काही जणांचा आजार केमो घेऊनही उलटून येणार होता. मधले ते पाच, त्यांच्यासाठी १०० जणांना बाटली लावायची. आणि तरीही दादानं घ्यावा असंच मी सांगितलं, कारण पाच म्हणजे पाच माणसं आहेत, पाच घरं आहेत, आणि आपला माणूस त्यात नसेल असं कोण म्हणणार?

दादानं चारही घेतले. सिस्प्लॅटिनवाला केमो. हे औषध काही आजचं नाही, १९६५ च्या सुमाराला अमेरिकेत रोझेनबर्ग म्हणून शास्त्रज्ञ जंतूंवर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होते, तर इलेक्ट्रोडच्या प्लॅटिनममुळं जंतूंची वाढच थांबलेली दिसली, त्यातून हे औषध आलं आणि १९७८ ला तिकडं मंजूर झालं. कॅन्सरच्या पेशीच्या डीएनएला ते चिकटतं आणि पेशी मरते. पण ते किडनीला, कानाला आणि हातापायाच्या नसांना पण त्रास देतं. दिवसभर सलाईन, रात्रभर उलट्या, तिसऱ्या केमोनंतर कानात रातकिडा ओरडल्यासारखा आवाज सुरू झाला तो आजतागायत आहे.

आज दादा आहे, सहा वर्षं होत आली, सकाळी रंकाळ्यावर एक फेरी मारतो. तो त्या पाचातला आहे का नुसत्या ऑपरेशननंच तगला असता, हे कुठल्याच डॉक्टरला सांगता येणार नाही. मागच्या खंडेनवमीला पूजेसाठी फौंड्रीत आला होता. सवयीनं वाळूच्या ढिगापाशी गेला, मूठभर घेतली, दाबली, आणि मग डोळ्याजवळ नेऊन बघत बसला. बोटांना कळेना ओली का कोरडी. शर्टाची बटणं पण वहिनी लावते. वाळू खाली टाकली, पँटला हात पुसला आणि काही न बोलता पूजेला येऊन बसला. साहेब, हे ज्याला त्या पाचात असल्यामुळं भोगायला लागलं त्याचं मी समजू शकतो, पण ज्याला गरजच नव्हती त्यानं पण हेच भोगायचं, आणि कोण कुठला ते आधी ओळखता येत नाही, ह्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून तुमचा लेख वाचून माझी झोप उडाली.

आता मावशीचं सांगतो, तिथं गोष्ट वेगळी आहे. तिथं आधी ओळखता येत होतं आणि ओळखलं नाही.

मावशी कागल तालुक्यातली, आयुष्यात बिडी नाही मिस्री नाही, चूल मात्र चाळीस वर्षं. दम लागायला लागला, आधी दमा म्हणाले, मग फुफ्फुसाभोवती पाणी झालं. ते काढून तपासलं तर अडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, चौथी स्टेज. ज्या हॉस्पिटलात होती तिथं म्हणाले उद्याच केमो सुरू करूया, सरकारी योजनेत बसतंय. आम्ही हो म्हणालो, घाबरलेली माणसं होच म्हणतात. दोन केमो झाले. मावशी अंथरुणाला खिळली, भाताचा वास सुद्धा सहन होईना. मी दादाच्या वेळचं वाचलेलं होतं म्हणून विचारलं, ईजीएफआरची, म्हणजे गाठीतल्या एका जनुकाची, टेस्ट केली का? तर म्हणाले ती नंतर बघू.

आमच्या फौंड्रीत भट्टीत माल वितळला की ओतायच्या आधी चमच्यानं सँपल काढतात, छोटी चकती करतात, घासून स्पेक्ट्रो मशीनवर ठेवतात, मिनिटभरात कार्बन किती सिलिकॉन किती मँगनीज किती सगळं कळतं, कमीजास्त असेल तर भट्टीतच दुरुस्त करतात आणि मगच लॅडल, म्हणजे ओतायचं भांडं, पुढं येतो. रिपोर्ट बघितल्याशिवाय भट्टीतला माल ओतला तर सुपरवायझरला जाब द्यायला लागतो. चाळीस किलोच्या कास्टिंगला आपण ही शिस्त पाळतो आणि मावशीच्या बाबतीत ती टेस्ट नंतर बघू.

मग मीच मेणाचा ब्लॉक मागून घेतला. ज्यांच्या घरात हे दुखणं नाही त्यांच्यासाठी सांगतो, बायोप्सीचा तुकडा नाहीतर पाण्यातल्या पेशी मेणात बसवून ठेवतात, काडेपेटीएवढा पण नसतो तो ठोकळा, प्लॅस्टिकच्या जाळीच्या छोट्या डबीवर बसवलेला. त्यात मधे मसुरीच्या डाळीएवढा करडा ठिपका होता. तो पाकिटात घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून मी मुंबईला गेलो, रात्रभर हात छातीवर ठेवून बसलो होतो, पडला बिडला तर परत कुठून आणायचा. १८ दिवसांनी रिपोर्ट आला, ईजीएफआर पॉझिटिव्ह. गोळी सुरू झाली, जेफिटिनिब, दिवसाला एक. तोंडावर पुरळ आलं, पोट बिघडायचं मधेमधे, पण तीन आठवड्यांत मावशी पायरी चढून माडीवर गेली. मला म्हणाली, "हे एवढ्या गोळीनं बरं वाटतंय, मग ती बाटली कशाला लावली हुती रं मला?" मी काय उत्तर देणार. पुढं जवळजवळ दोन वर्षं जगली, शेतात जाऊन शेंगा तोडायची, नातीच्या लग्नात बसून का होईना पण सगळं बघितलं.

आता हे का घडलं ते सांगतो, म्हणजे वाचकांच्या उपयोगी पडेल. काही जणांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल असतो, त्या बदलामुळं पेशीला वाढत राहा वाढत राहा असा हुकूम सतत मिळत राहतो, आणि गोळी तो हुकूम बंद करते. हा बदल २००४ साली सापडला. आपल्या देशात अडिनोकार्सिनोमाच्या चार-पाच पेशंटमागं एकाला तो असतो, न ओढणाऱ्यांत आणि बायकांत जास्त. २००९ ला आयपास नावाची ट्रायल छापून आली, आशियातले १,२१७ पेशंट, निम्म्यांना जेफिटिनिब निम्म्यांना केमो. ज्यांच्यात बदल होता त्यांच्यात गोळीनं १०० तल्या ७१ जणांची गाठ लहान झाली आणि केमोनं ४७ जणांची. आणि ज्यांच्यात बदल नव्हता त्यांच्यात? गोळीनं १०० तल्या जेमतेम एकाची, केमोनं २३-२४ जणांची. हे आकडे मी पाठ केलेत. हे पेशंट वरून सगळे एकसारखे होते बघा, बहुतेक न ओढणारे, त्याच प्रकारच्या गाठीचे, आणि तरीही आत काय आहे त्यावरून औषध अगदी उलटसुलट ठरलं. तोंडाकडं बघून किंवा नुसता सीटी बघून हे कळलंच नसतं.

इथं एक प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. मावशीला केमो द्यायलाच नको होता असं माझं म्हणणं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी २०२० मध्ये ३५० पेशंटची ट्रायल छापली, ईजीएफआर पॉझिटिव्ह असलेल्यांना नुसती जेफिटिनिब विरुद्ध जेफिटिनिब अधिक केमो. नुसत्या गोळीवर आजार सरासरी ८ महिने दबून राहिला, दोन्हीवर १६ महिने. पण मोठे साइड इफेक्टही २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. आपल्या मुंबईत, आपल्या लोकांवर, खिशाला परवडेल अशा औषधांवर केलेलं हे काम आहे आणि ते जगभर वाचलं गेलं, मला त्याचा फार अभिमान वाटतो. म्हणजे ईजीएफआर असलेल्यालाही केमो उपयोगी पडू शकतो, पण तो कळून सवरून, पेशंटच्या अंगात ताकद किती आहे ते बघून, गोळीच्या जोडीला. अंधारात नाही.

आणि काही वेळा थांबायला वेळच नसतो, पेशंट गुदमरत असतो, हेही मला कळतं. स्मॉल सेल म्हणून जो प्रकार आहे, १०० त साधारण १५ जणांना असतो, तिथं केमो लगेच सुरू करतात आणि गाठी झरझर कमी होतात. म्हणूनच तर गाठ कुठल्या प्रकारची हा पहिला प्रश्न. ह्याचं अजून एक उदाहरण, २००८ साली पुढच्या स्टेजच्या १,७२५ पेशंटवर सिस्प्लॅटिनबरोबर पेमेट्रेक्सेड द्यायचं का जेमसिटाबिन, ही दोन्ही केमोचीच औषधं, हे बघितलं. अडिनोकार्सिनोमात पेमेट्रेक्सेडवाले सरासरी १२.६ महिने जगले, दुसरे १०.९ महिने. दादाच्या गाठीचा जो प्रकार होता, स्क्वॅमस, त्यात बरोबर उलटं, ९.४ आणि १०.८. पॅथॉलॉजिस्टनं मायक्रोस्कोपखाली काच नीट बघितली, दोन-तीन रंग देऊन बघितले, की केमो कुठला द्यायचा ते ठरतं. ह्याला एआय लागत नाही. मला म्हणायचंय ते हेच आहे, आपल्याकडं आज असलेलं, सिद्ध झालेलं जे भविष्य बघायचं साधन आहे तेच आपण धड वापरत नाही आणि पुरवणीत मात्र उद्याच्या साधनाचं कौतुक.

उद्याच्या साधनाबद्दल मला आशा नाही असं नका समजू. दादाच्या चौथ्या केमोच्या आधी मी रात्र रात्र जागून हेच शोधत होतो की त्याची गाठ तपासून सांगता येईल का, सिस्प्लॅटिन लागू पडेल का नाही. आणि मला सापडलं पण. ईआरसीसी१ नावाचं प्रथिन. सिस्प्लॅटिननं डीएनएला जी इजा होते ती दुरुस्त करणारा गवंडी समजा. गाठीत हा गवंडी असेल तर औषधानं पाडलेली भिंत तो परत बांधणार, नसेल तर पेशी मरणार, ऐकायला किती सरळ आहे. २००६ साली फ्रान्सच्या टीमनं ७६१ गाठी तपासून छापलं की ईआरसीसी१ नसलेल्यांना केमोचा फायदा झाला आणि असलेल्यांना झाला नाही. मला वाटलं झालं, सापडलं, उद्याच डॉक्टरला दाखवतो.

मग पुढचं वाचलं. २०१३ ला त्याच टीमनं परत छापलं की आम्हाला आमचाच निकाल परत मिळत नाही. दुसऱ्या दोन ट्रायलमधल्या ४९४ गाठी तपासल्या, जमलं नाही. ज्या रसायनानं, म्हणजे अँटीबॉडीनं, ते प्रथिन रंगवून बघायचे त्याचा नवीन लॉट पहिल्यासारखा वागेना. बाजारात मिळणाऱ्या १६ अँटीबॉडी तपासल्या, तर ते प्रथिन चार रूपांत असतं, त्यातलं एकच रूप खरी दुरुस्ती करतं, आणि एकही अँटीबॉडी ते एक वेगळं काढून दाखवत नाही. मटेरियलचा लॉट बदलला की माल बदलतो हे आमच्या लाइनमध्ये पोरासोरांना माहिती आहे, पण आपलीच चूक आपणच एवढ्या मोठ्या जर्नलात छापायला मोठं काळीज लागतं, त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

दुसरी गोष्ट ड्यूक युनिव्हर्सिटीची, ती वाचून मात्र अंगावर काटा आला. तिथल्या एका टीमनं २००६-०७ मध्ये जनुकांच्या यादीवरून फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये केमो कुणाला द्यायचा, कुठला द्यायचा हे सांगता येतं असं छापलं, मोठमोठ्या जर्नलमध्ये, आणि त्यावरून खऱ्या पेशंटचं औषध ठरवायला सुरुवात पण झाली. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधले बॅगरली आणि कूम्ब्स हे दोन संख्याशास्त्रज्ञ ते आकडे परत मांडायला बसले तर जमेना. शोधत गेले तर काय, यादी एका ओळीनं सरकलेली. एका ठिकाणी लागू पडणारे आणि न पडणारे ही लेबलंच उलटी. मी रोज एक्सेलवर असतो साहेब, एक ओळ सरकली की काय होतं ते मला चांगलं माहिती आहे, पार्टीचं बिल दुसऱ्या पार्टीवर पडतं, फोन येतो, आपण सॉरी म्हणून क्रेडिट नोट काढतो. इथं त्या ओळीच्या पलीकडं माणसं होती. तक्रार करूनही बरेच दिवस कुणी ऐकलं नाही, शेवटी २०१० मध्ये ट्रायल कायमच्या बंद झाल्या, पेपर मागं घेतले गेले, आणि २०१५ ला अमेरिकन सरकारच्या चौकशीत खोटा डेटा घातल्याचा ठपका आला.

म्हणून सीटी स्कॅनवाल्या बातमीकडं मी आशेनं पण जपून बघतो. हे काम खरं आहे, क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटीत अनंत मदाभुषी यांच्या टीमनं २०२० मध्ये लॅन्सेटच्या डिजिटल हेल्थ जर्नलात छापलं, पहिल्या-दुसऱ्या स्टेजच्या ऑपरेशन झालेल्या पेशंटचे आधीचे सीटी घेऊन गाठीच्या आतला आणि गाठीभोवतीचा पोत कॉम्प्युटरनं मोजला आणि केमोचा फायदा कुणाला झाला असता ते बघितलं. दादा नेमका त्या गटातला. पण ते जुन्या स्कॅनवर, निकाल आधीच लागलेल्या पेशंटवर केलेलं आहे. पुढं जाऊन, आधी सांगून मग तसंच घडतं का हे बघितल्याशिवाय कुणाचा केमो चालू किंवा बंद करता येणार नाही. आणि स्कॅनची मशीन बदलली, स्लाइसची, म्हणजे स्कॅनमधल्या एकेका कापाची, जाडी बदलली तरी हे पोताचे आकडे बदलतात. आमच्याकडं एका सेंटरचा स्कॅन एका जाडीचा, दुसऱ्याचा दुसऱ्या. तुमच्या लेखात ह्यातलं एक वाक्य असतं तरी बरं झालं असतं. कारण ती बातमी वाचून उद्या एखादा आपल्या आईचा केमो थांबवून कुठं एआय मिळतंय का शोधत फिरेल. मी तसाच फिरलो होतो.

अजून एक साधन आहे, फुकट, आणि त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी वहिनीला विचारलं होतं, दिवसा जागे असताना किती वेळ अंथरुणात असतात? स्वतःची अंघोळ स्वतः करतात का? ह्याला ईकॉग स्कोअर म्हणतात, शून्य ते चार. शून्य म्हणजे अगदी पहिल्यासारखा, तीन म्हणजे जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात, चार म्हणजे पूर्ण अंथरुणाला. तीन-चारवाल्याला केमोनं फायद्यापेक्षा त्रास जास्त होण्याची शक्यता असते हे डॉक्टरांना चांगलं माहिती असतं, ईजीएफआरसारखी गोळी मात्र अशा पेशंटला पण उठवू शकते, म्हणून तर टेस्ट पाहिजे. मावशीच्या पहिल्या केसपेपरवर हा आकडा मी शोधला, नव्हता.

आणि आपल्या घरच्यांची पण चूक आहे, ती लिहिल्याशिवाय पत्र पूर्ण होणार नाही. आपण पेशंटला सांगतच नाही. "मावशीला कॅन्सर म्हणू नका हां, गाठ म्हणा." मग केमो कशासाठी चाललाय, बरं करायला का आजार दाबायला का नुसता दम कमी करायला, हे तिला कोण सांगणार? अमेरिकेत २०१२ साली छापलं होतं की चौथ्या स्टेजच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये केमो घेणाऱ्या १०० तल्या ६९ जणांना, ह्या केमोनं बरं होण्याची शक्यता फारशी नसते हे समजलेलंच नव्हतं. तिकडं सगळं तोंडावर सांगतात तरी ही गत. आणि २०१० ला बोस्टनमध्ये १५१ पेशंटवर दिसलं की पहिल्यापासूनच वेदना, दम, झोप, मनाची भीती ह्यावर उपचार करणारी टीम जोडून दिली तर शेवटी शेवटी केमो कमी द्यायला लागला, आणि तरीही ते पेशंट सरासरी ११.६ महिने जगले, ज्यांना ती टीम नव्हती ते ८.९. कमी केमो आणि जास्त आयुष्य. हे वाचून मी वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

तर माझं मागणं काय? कोल्हापूर, सांगली, मिरज, इचलकरंजी कुठंही असो, सरकारी असो खाजगी असो, फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला की गाठीचा प्रकार, ईजीएफआर, एएलके (असंच दुसरं जनुक), पीडीएल१ (गाठीतलं एक प्रथिन) ह्या तपासण्या ब्लॉकवर लगेच पाठवायच्या, पेशंटला थांबणं शक्य असेल तर पहिल्या बाटलीच्या आधी रिपोर्ट बघायचा. तुकडा पुरेसा नसेल तर रक्तावर पण ईजीएफआर बघता येतो. सरकारी योजनेत केमोचं पॅकेज बसतं पण आमच्या वेळी ह्या तपासणीचे पैसे खिशातून गेले, तपासणी त्याच पॅकेजमध्ये घाला, फुकट गेलेल्या दोन केमोच्या खर्चात ती भागली असती. ब्लॉक मुंबईला न्यायला नातेवाइकाला रजा टाकून रात्रीच्या गाडीनं जायला लावू नका, जिल्ह्यातून आठवड्यातून दोनदा सँपल गोळा करून पाठवायची सोय करा. २०१२ पासून टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, देशातली ३०० हून जास्त हॉस्पिटलं आणि संस्था त्यात आहेत, कुठल्या कॅन्सरला कुठल्या तपासण्या आणि कुठले उपचार ह्याच्या त्यांच्या गाइडलाइन सगळ्यांना बघायला खुल्या आहेत. आणि केसपेपरवर दोन गोष्टी डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं लिहाव्यात, ईकॉगचा आकडा आणि केमो कशासाठी. मराठीत. म्हणजे वहिनीसारख्या बाईला पाच आणि पंच्याण्णवचा घोळ होणार नाही.

तुमच्या वार्ताहरानं ह्यावर बातमी करायची ठरवली तर माझ्याकडं दोन्ही फायली आहेत, दादाची परवानगी पण घेतली आहे. मावशीचा ब्लॉक पण परत आणलाय, कपाटात तिच्याच कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलाय, मावसबहिणीला पुढं कधी तपासणीला लागला तर असावा म्हणून डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

कळावे,

आपला जुना वाचक,
उद्यमनगर, कोल्हापूर